पान अकरा

डंकन,
तू विचारलंस, पान अकरावर आता कोण लिहील.
क्रॉफ्टबाई गेल्या. त्यांची बावीस वर्षांची जागा
चौकटीसकट मोकळी आहे,
आणि अंक छापायला जायला उरलेत नऊ दिवस.

तुझी यादी पाहिली. तीन प्राध्यापक, एक जादूगार.
माणसं चांगली आहेत, सगळ्यांचे स्वल्पविराम मी दुरुस्त केलेत.
पण ती काय लिहिणार ते मला आत्ताच पाठ आहे,
तुलाही आहे,
आणि आपला वर्गणीदार तर पाकीट फोडतानाच मान डोलावू लागतो.

मर्डो गेडिसला विचार.
हो, तोच, माहेनोचा पाणाड्या.
त्याच्याच कुरणात आपण दहा नळ पुरले,
नाणं उडवून ठरवलं कुठला वाहता, कुठला कोरडा,
आणि तो विलोची बेचकी धरून चालला
मेंढ्यांच्या लेंड्यांतून, गुडघे ओले करत, दीड तास.
दहापैकी चार बरोबर.
नुसतं नाणं उडवलं असतं तरी पाच आले असते,
हे वाक्य तुझं. लोकांना आवडलं होतं.

पण त्यानं सबब सांगितली नाही, आठवतं?
ग्रहमान नाही, विजेच्या तारा नाहीत, आपल्या अविश्वासाची बाधा नाही.
ट्रकच्या फळीवर बसून थर्मासातला चहा प्यायला
आणि तळवा उलटा करून पाहत म्हणाला,
'मग चाळीस वर्षं यात वळत होतं ते काय?'
आपण आकडा छापला. हे नाही छापलं.
उत्तर आपल्याला येतं रे, स्नायूंचं, नकळत हालचालीचं.
पण एकदा ते हाताच्या बाजूनं लिहून येऊ दे.

नाइरी टिपेनेही चालेल.
प्रसूती कक्षात अकरा वर्षं रात्रपाळी,
हिरव्या वहीत प्रत्येक पौर्णिमेची बाळं मोजलेली.
फरक शून्य.
तरी पौर्णिमेला चार चादरी जास्त काढून ठेवते, म्हणाली, हसत.
त्या चार चादरींवर दोन पानं माग.

आणि डोरीन हॅझलेट.
इथं तू पेन खाली ठेवशील, माहीत आहे.
वाचनालयाच्या सभागृहात तू मृतांशी बोलायचं सोंग केलंस,
'र' म्हणालास, नुसता 'र', आणि तिसऱ्या रांगेत ती उठली.
मग तू दिवे लावून सांगितलंस, ही युक्ती आहे, अशी करतात.
तिनं नंतर पत्र लिहिलं.
युक्ती आहे हे मला ठाऊक होतं, लिहिलंय,
पण या गावात चार वर्षांत रॉरीचं नाव
कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.
'जागेअभावी' हा शेरा माझ्याच अक्षरात आहे.
पत्र माझ्या खणात आहे, पेन्सिलींच्या खाली.
त्यात एकही चूक नव्हती, मी दोनदा वाचलं.

खरं तर इथंच सही करायची होती.
बाहेर अंधार पडलाय, बंदरावर पेंग्विन परतू लागलेत,
त्यांचं ते गाढवासारखं ओरडणं खिडकीतून येतंय,
आणि मी अजून बसलेच आहे.

माहेनोला नळांचे खटके माझ्याकडे होते.
वारा असा होता की कागद हातात ठरेना,
बोटं बधिर.
सातवा मी उघडला.
उघडला असावा.
एकोणीस वर्षं लोकांच्या चुका शोधते मी,
आणि पाणी कुठं मुरतंय विचारणं हा तर आपला धंदा,
पण त्या सातव्याजवळ मी जात नाही.

चार की पाच, निष्कर्ष बदलत नाही.
पाच म्हणजे नाण्याइतकेच; हे मी कितीदा मांडून पाहिलंय.
मर्डोला मात्र अजून कुणी विचारलेलं नाही
की त्याला फरक पडतो का.

तेव्हा नावं तीन.
चौथं लिहून खोडलंय, पण शाई पातळ आहे,
उजेडाकडे धरलंस तर वाचता येईल.
शब्दमर्यादा किती ते कळव.

विनिफ्रेड